अहवाल हाती आला, पुढे काय?

जबलपूरच्या राइट टाउनमध्ये खासगी रुग्णालये, सोनोग्राफी केंद्रे आणि पॅथॉलॉजी प्रयोगशाळा यांची दाटी आहे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालय तेथून दूर, नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर. मंडला, दिंडोरी, नरसिंहपूर येथून उपचारांसाठी येणाऱ्या कुटुंबांना हे दोन्ही पत्ते ठाऊक असतात. गर्भाशयमुखाच्या तपासणीचा अहवाल ‘ॲबनॉर्मल’ आला, तर यांपैकी कोणत्या दारी जायचे, किती दिवसांत जायचे आणि तोवर घाबरायचे की निश्चिंत राहायचे, हे मात्र अहवालाच्या कागदावर लिहिलेले नसते. देशातील तपासणी कार्यक्रमाचे यशापयश या न लिहिलेल्या तीन ओळींवर अवलंबून आहे.

प्रथम अहवालाचा अर्थ पाहू. ही तपासणी कर्करोगाचे निदान करीत नाही. अधिक बारकाईने कोणाला पाहावे, एवढेच ती सांगते. ॲसिटिक आम्ल लावल्यावर दिसणारा पांढरा डाग साध्या दाहामुळेही उमटू शकतो. एचपीव्ही विषाणूचा संसर्ग तर अतिशय सामान्य असून बहुसंख्य स्त्रियांच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. तो अनेक वर्षे सुप्तही राहू शकतो. त्यामुळे ‘पॉझिटिव्ह’ या शब्दावरून पती-पत्नीपैकी कोणाच्याही चारित्र्याविषयी निष्कर्ष काढणे अशास्त्रीय आणि अन्याय्य आहे. पेशींतील सौम्य बदल बहुधा पूर्ववत होतात. तीव्र बदलांवर मात्र उपचार आवश्यक असतात. कॉल्पोस्कोपीने गर्भाशयमुख मोठे करून पाहणे, गरज भासल्यास बायोप्सी, आणि बदललेला भाग गोठवून, उष्णतेने किंवा विद्युततारेच्या साहाय्याने काढून टाकणे हा त्याचा क्रम. यासाठी सहसा गर्भाशय काढावे लागत नाही.

या अहवालाकडे दुर्लक्ष झाले तर काय होते, याची नोंद इतिहासात आहे. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथील नॅशनल विमेन्स रुग्णालयात 1960 च्या दशकापासून काही स्त्रियांच्या पेशींमधील तीव्र बदलांवर पूर्ण उपचार न करता केवळ लक्ष ठेवले गेले. सँड्रा कोनी आणि फिलिडा बंकल यांनी 1987 मध्ये हे प्रकरण उजेडात आणले. न्यायाधीश सिल्व्हिया कार्टराइट यांच्या चौकशीचा अहवाल 1988 मध्ये आला. पुढील संशोधनातून दिसले की, अपुरे उपचार मिळालेल्या स्त्रियांपैकी सुमारे 31 टक्क्यांना तीस वर्षांत कर्करोग झाला. योग्य उपचार झालेल्यांत हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते. रोग संथ असतो आणि वेळ देतो. पण दिलेला वेळ वाया घालवला तर तो क्षमाही करीत नाही.

याच्या उलट टोकाचा अनुभव आपल्या मराठवाड्यातील आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचे प्रमाण 2019 मध्ये गाजले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या आकड्यांनुसार सर्वेक्षणातील 82,309 स्त्रियांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढण्यात आले होते. त्यामागे कारणे अनेक होती; मजुरी बुडण्याची धास्ती होती, तशीच ‘पुढे कर्करोग होईल’ ही भीतीही होती. अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रियांच्या प्रश्नाची सर्वोच्च न्यायालयानेही 2023 मध्ये दखल घेतली. ऑकलंडला धोका कमी लेखला गेला, बीडला भीतीचे भांडवल झाले. दोन्हीकडे स्त्रीला तिच्या स्थितीचा खरा अर्थ कोणी सांगितला नाही.

या दोन टोकांमधील वाटही मराठवाड्यातच आखली गेली. तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात 1999 मध्ये बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या आणि टाटा स्मारक केंद्राच्या सहभागाने मोठा अभ्यास सुरू झाला. गावांचे 52 समूह आणि 30 ते 59 वयोगटातील 1,31,746 निरोगी स्त्रिया त्यात होत्या. एचपीव्ही तपासणी झालेल्या शंभर जणींपैकी सुमारे दहा जणी ‘पॉझिटिव्ह’ आल्या. उपचारयोग्य तीव्र बदल मात्र शंभरात जेमतेम एकीत आढळले. अहवाल सदोष येणे आणि रोग असणे यांतील अंतर याहून स्पष्ट सांगता येणार नाही.

या अभ्यासाचे निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. केवळ एकदा केलेल्या एचपीव्ही तपासणीमुळे आठ वर्षांत या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. एका गटाला तपासणीविना ठेवण्यावर पुढे नैतिक आक्षेप घेतले गेले, आणि ते गंभीर आहेत. पण ज्या स्त्रियांनी ही किंमत मोजली, त्यांच्या वाट्याचा धडा तरी आपण वाया घालवू नये. मृत्यू कमी झाले, कारण नमुन्यानंतर अहवाल, अहवालानंतर कॉल्पोस्कोपी आणि तिच्यानंतर उपचार अशी साखळी खेड्यापाड्यांतही जोडलेली राहिली.

आजचे चित्र काय आहे? भारतात 2022 मध्ये या रोगाचे सुमारे 1 लाख 27 हजार नवे रुग्ण आणि जवळपास 80 हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत 30 ते 49 वयोगटातील तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरात दोनही नव्हत्या. लस प्रामुख्याने किशोरवयीन मुलींसाठी आहे. त्यांच्या आया आणि मावश्यांना तपासणीचाच आधार. म्हणून शिबिरे वाढतील, वाढायलाच हवीत. पण प्रशासनात जे मोजले जाते तेच केले जाते. आपण ‘तपासलेल्या स्त्रिया’ एवढाच रकाना ठेवला, तर शिबिरे भरतील आणि सदोष अहवाल कपाटात पडून राहतील.

जागतिक आरोग्य संघटनेने 2030 साठी ठरविलेल्या लक्ष्यांत 90 टक्के मुलींचे लसीकरण आणि 70 टक्के स्त्रियांची तपासणी यांच्या जोडीला, रोग आढळलेल्या 90 टक्के स्त्रियांवर उपचार हे तिसरे कलम आहे. आपल्या कार्यक्रमाची परीक्षा त्यावर व्हावी. त्यासाठी फार मोठ्या खर्चाची गरज नाही. अहवालासोबत मराठी किंवा हिंदीत एक चिठ्ठी असावी: काय आढळले, त्याचा अर्थ काय, कोठे आणि कोणत्या तारखेपर्यंत जायचे. लसीकरणाची राहिलेली मात्रा शोधतात तशी उपकेंद्राने न आलेल्या स्त्रीची चौकशी करावी. आशा कार्यकर्तीला तिच्यासोबत जाण्याचा मोबदला व प्रवासखर्च मिळावा. जिल्हा रुग्णालयात कॉल्पोस्कोपीचा वार ठरलेला असावा आणि शक्य ते उपचार त्याच भेटीत व्हावेत, म्हणजे दुसरी रोजमजुरी बुडणार नाही. आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या मासिक आढाव्यात पहिला प्रश्न असावा: गेल्या महिन्यात ज्यांचे अहवाल सदोष आले, त्यांपैकी किती जणींचे उपचार पूर्ण झाले?

तपासणीसाठी बोलावणारे शासन एक मूक वचन देत असते की, काही आढळले तर तुला एकटीला सोडणार नाही. ते पाळण्याची तयारी असेल, तरच तिला बोलावण्याचा नैतिक अधिकार शासनाला आहे.