प्लग काढला, तरी अ‍ॅम्पमध्ये शॉक कसा?

पावसाळा लागला, की कोल्हापुरातल्या हौशी गिटारवाल्यांच्या अ‍ॅम्पची नॉब खरखरू लागते. काँटॅक्ट क्लीनरचा फवारा मारून नॉब दहा-वीस वेळा फिरवली, की बहुतेकदा भागतं. पण त्यासाठी मागचं झाकण उघडावं लागतं, आणि व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमध्ये धोका तिथेच आहे. घरातली वीज २३० व्होल्ट. आतल्या फिल्टर कपॅसिटरवर मात्र ३०० ते ४५० व्होल्ट डीसी असतो. प्लग काढल्यावरही तो टिकू शकतो. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नका, मोठी ठिणगी उडते. १० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपने कपॅसिटर आणि चासीमध्ये लावा; मल्टिमीटर शून्याजवळ आल्याशिवाय हात घालू नका. गुणगुण थांबवायला अर्थिंगची पिन काढणं? अजिबात नको. स्पीकर न जोडता अ‍ॅम्प सुरूही करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.