मधला नोड नेमकं करतो काय?

क्वांटम नेटवर्कमध्ये मधल्या नोडवर क्षीण झालेला संदेश येतो, त्याला जोर दिला जातो आणि तो पुढे धाडला जातो, असं अनेकांना वाटतं. ‘रिपीटर’ या नावानेच हा घोळ केला आहे. अनोळखी क्वांटम स्थितीची हुबेहूब नक्कल काढता येत नाही, हे १९८२ मध्ये सिद्ध झालं. नक्कल नाही, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरही नाही. अडचण मात्र खरीच आहे. चांगल्या फायबरमध्येसुद्धा १०० किलोमीटरनंतर शंभरातला एकच फोटॉन उरतो. १,००० किलोमीटरवर सेकंदाला १,००० कोटी फोटॉन सोडत राहिलात, तरी एक पोहोचायला सरासरी ३०० वर्षं लागतील.

नोडचं काम वेगळंच आहे. तो फक्त स्वतःजवळच्या क्यूबिटना, म्हणजे क्वांटम माहितीच्या एककांना, हात लावतो. समजा, त्याच्याकडे दोन क्यूबिट आहेत. एकाचा गुंतलेला (एंटँगल्ड) जोडीदार डावीकडच्या नोडपाशी, दुसऱ्याचा उजवीकडच्या. मधला नोड आपल्या दोन्ही क्यूबिटचं एकत्र मापन करतो. याला बेल मापन म्हणतात. त्याच्याशी असलेले दोन्ही धागे तुटतात आणि कधीही न भेटलेले टोकांचे क्यूबिट एकमेकांत गुंततात. १९९३ मध्ये सुचवलेली ही गुंतलेपणाची अदलाबदल १९९८ मध्ये फोटॉनांवर करून दाखवली गेली. मला तर या साऱ्या विषयातली हीच सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

मग निरोप प्रकाशापेक्षा वेगाने गेला का? नाही. मापनाची उत्तरं चार, आणि त्यांतलं कोणतं येईल हे कुणाच्याच हाती नाही. आलेलं उत्तर दोन साध्या बिटांत टोकाला कळवावं लागतं. त्यावरून तिथला नोड आपल्या क्यूबिटची दुरुस्ती करतो. तोवर ती जोडी कामाची नसते.

आपापल्या जागी क्रिया करून दोन नोड नवं गुंतलेपण निर्माण करू शकतात, हाही गैरसमजच. त्यांना हलक्या प्रतीच्या अनेक जोड्यांतून थोड्या चांगल्या जोड्या गाळून काढता येतात, एवढंच. बाकीच्या खर्ची पडतात.

जोडी टिकवणं हे सर्वांत अवघड काम. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला २०२१ मध्ये हिऱ्यांचे तीन नोड जोडले, तेव्हा दुसरी जोडी तयार होईपर्यंत मधल्या नोडने पहिली एका कार्बन अणूच्या केंद्रकात जपून ठेवली होती.