पाच टँकरांत एक गोळी

गुडघा दुखायला लागला की घेतात ती डायक्लोफेनॅकची साधी गोळी ५० मिलिग्रॅमची असते. ती १०,००० लिटरच्या पाच टँकरांत सारखी मिसळली, तर लिटरमागे १ मायक्रोग्रॅम औषध येते. पाच टँकर पाणी म्हणजे किती, हे एप्रिल-मेमधल्या पुणेकराला सांगायला नको. त्यात एक गोळी पडली काय आणि न पडली काय, असेच कुणालाही वाटेल. आता त्यातले एक लिटर पाणी घ्या आणि औषधाचे रेणू मोजा. ते भरतात २ वर १५ शून्ये. जगातल्या ८ अब्ज माणसांना वाटले, तर पाळण्यातल्या बाळासकट प्रत्येकाला अडीच लाख मिळतील.

हेच औषध गुरांना दिले जात होते, तेव्हा मेलेली गुरे खाऊन गिधाडे मेली. भारतातल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी १९९२ ते २००७ या काळात हजारात एखादेच उरले. त्यांच्या पोटात गेलेली मात्रा पाण्यातल्यापेक्षा खूपच मोठी होती, हे खरे. तरी या रेणूंना किरकोळ समजायला माझे मन तयार होत नाही.

आपण घेतलेल्या गोळ्यांचे असे रेणू मैलापाण्यात उतरतात. पुण्याच्या मुळा-मुठा शुद्धीकरण योजनेत ११ नव्या केंद्रांची भर घालून शहराची मैलापाणी शुद्धीकरणाची क्षमता ४७७ वरून ८७३ एमएलडीवर न्यायची आहे. एक एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर, म्हणजे १०० टँकर. ८७३ एमएलडीचे रोजचे ८७,३०० टँकर झाले. एका टँकरला ८ मीटर जागा धरून ते एकामागे एक उभे केले, तर रांग पुण्यातून निघून नागपूरच्या जवळपास पोहोचते. उद्या तेवढीच दुसरी रांग. हे सगळे पाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत जाते. उजनीचे पाणी सोलापूर पिते.

आमच्या सोसायटीच्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्रातून (एसटीपी) बाहेर पडलेले पाणी मी एकदा काचेच्या ग्लासात घेऊन खिडकीत ठेवले होते. नितळ, वास नाही, तळाला गाळही नाही. केंद्रातले जिवाणू मैला खातात आणि ते काम चोख करतात. औषधांचे कित्येक रेणू मात्र त्यांना पचत नाहीत. ते तसेच पुढे जातात.

त्यांना तोडू शकणारी पूड आपल्या ओळखीची आहे. टायटॅनियम डायऑक्साइड. भिंतीच्या पांढऱ्या रंगात तीच असते, अनेक गोळ्यांवरच्या पांढऱ्या मुलाम्यातही तीच. तिच्यावर प्रकाश पडला की पाण्याचे विघटन होऊ शकते, हे फुजिशिमा आणि होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये दाखवले. तिचे कण सुमारे २० नॅनोमीटरचे केले, की एका ग्रॅमचा पृष्ठभाग भरतो ५० चौरस मीटर. म्हणजे चहाच्या दीडेक चमचा पुडीत ५३८ चौरस फुटांचा, एका वन बीएचकेएवढा पृष्ठभाग घडी घालून ठेवलेला असतो.

या पुडीला अतिनील प्रकाश लागतो आणि उन्हात तो जेमतेम ५ टक्के असतो. तरीही भर दुपारी एका चौरस मीटरवर दर सेकंदाला या प्रकाशाचे ७ वर १९ शून्ये इतके कण पडतात. आपल्या एका लिटरमधल्या औषधाच्या प्रत्येक रेणूमागे ३५,०००. मग भांड्याच्या तळाला पूड बसवून पाणी उन्हात ठेवले की काम झटपट का होत नाही?

कारण गाठ पडायला हवी. प्रकाश पडला की कणाच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल मूलके तयार होतात. समोर येईल त्या सेंद्रिय रेणूचे ती तुकडे पाडतात, पण त्यांचे आयुष्य नॅनोसेकंदांचे. एका नॅनोसेकंदात प्रकाशसुद्धा फूटभरच जातो. मूलक तेवढ्यात काही नॅनोमीटर सरकते आणि संपते. औषधाचा रेणू आपणहून मूलकाच्या दारात यायला हवा, आणि तो तर वाट चुकल्यासारखा भटकत असतो. स्थिर पाण्यात त्याला एक सेंटिमीटर सरकायला दिवसाहून जास्त वेळ लागतो, एक मिलिमीटरला पाव तास.

इथे मेम्ब्रेन कामाला येते. प्लास्टिकच्या पातळ पडद्यातल्या छिद्रांच्या आतल्या भिंतीला ही पूड चिकटवायची आणि पाणी त्या छिद्रांतूनच जायला लावायचे. छिद्र २२० नॅनोमीटरचे असेल, तर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जायला रेणूला सेकंदाचा वीस-हजारावा भाग पुरतो. पडद्याची जाडी ओलांडायला सेकंदभर लागला, तरी तेवढ्यात तो वीसेक हजार वेळा भिंतीला आपटू शकतो. दिवसाची भटकंती सेकंदात आली! या सगळ्या आकड्यांत मला सर्वांत विलक्षण वाटतो तो हा.

जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये असाच पडदा वापरून प्रयोगशाळेतल्या द्रावणातली संप्रेरके तोडून दाखवली. लिटरला २०० नॅनोग्रॅम असलेले इस्ट्रॅडिओल ८० टक्के गेले. पाणी सावकाश सोडून आणि प्रकाश वाढवून, १०० नॅनोग्रॅमच्या द्रावणातून त्याहूनही जास्त गेले. पण हिशेब मांडला की छाती दडपते. पहिल्या पद्धतीत १०,००० लिटरच्या टँकरला नुसत्या प्रकाशाची ऊर्जा साधारण ८ युनिट लागते, दुसऱ्या पद्धतीत त्याच्या कित्येक पट. पुण्याच्या नव्या ११ केंद्रांचे ३९६ एमएलडी पाणी तसे शुद्ध करायचे, तर रोज लाखो युनिट हवेत आणि पडदा हवा ६८ एकर. शिवाय तोच प्रकाश आणि तीच मूलके पडद्याच्या प्लास्टिकलाही कुरतडतात. ज्या फांदीवर बसायचे तीच तोडण्यातली गत.

फुकटच्या उन्हावर काम भागवायचे, तर डोळ्यांना दिसणारा प्रकाश पकडणारी पूड हवी. पुण्याच्या पाषाण परिसरात या कामाचे दोन्ही भाग वेगवेगळ्या आवारांत आहेत. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, पॉलिमरच्या मेम्ब्रेनवर अनेक वर्षे काम झाले आहे. सी-मेट या साहित्यविज्ञानातल्या संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी कोरियातल्या सहकाऱ्यांबरोबर २००६ मध्ये झेंडूच्या फुलासारख्या आकाराचा, दृश्य प्रकाशावर चालणारा उत्प्रेरक बनवला. तो हायड्रोजन मिळवण्यासाठी होता. ही दोन आवारे या प्रश्नासाठी एकत्र बसावीत, असे मला मनापासून वाटते.

कार्ल्सरूहच्या प्रयोगातला एक आकडा पहिल्या वाचनात निराश करतो. द्रावण लिटरला १ मिलिग्रॅम इतके दाट केले, तेव्हा इस्ट्रॅडिओल २० टक्केच गेले. पण १ मिलिग्रॅमचे २० टक्के म्हणजे २,००,००० नॅनोग्रॅम आणि २०० नॅनोग्रॅमचे ८० टक्के म्हणजे १६०. टक्के घटले, पण तुटलेले रेणू हजारपटीहून जास्त. म्हणून औषध ८७,३०० टँकरांत पसरायची वाट पाहू नये, ते दाट असते तिथेच, रुग्णालयाच्या नळीपाशी, गाठावे. ५०० खाटांच्या रुग्णालयाला खाटेमागे ४५० लिटर या नियमाने रोज सव्वादोन लाख लिटर पाणी लागते. पहिल्या पद्धतीच्या वेगाने ते सगळे गाळायला ३१ चौरस मीटर पडदा पुरतो. गटाराचे पाणी प्रयोगशाळेतल्याइतके सरळ वागणार नाही, म्हणून दुप्पट धरा, तिप्पट धरा. तरी पार्किंगमधल्या सात-आठ गाड्यांच्या जागेत मावेल.