घरातला समुद्र
लेखांक चौथा : पाण्याची रोजकीर्द

गेल्या तीन लेखांकांत आपण काचेची पेटी मांडली, तीत खडक रचले आणि अमोनियाचे प्रथम नायट्राइट व मग त्याहून पुष्कळ सौम्य असे नायट्रेट करणाऱ्या जीवाणूंची वस्ती होईतो चार-सहा आठवडे नुसत्या पाण्याकडे पाहत बसण्याची तपश्चर्याही केली. आता पहिले प्रवाळ आणण्यास हरकत नाही. परंतु ज्या खात्याचा कारभार गृहस्थाला रोज जातीने पाहावा लागतो आणि ज्यात बहुतेक नवशिक्यांचे दिवाळे निघते, त्या पाण्याच्या जमाखर्चाची फोड आधी केलेली बरी.

समुद्राच्या पाण्यात दर लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे आपल्या साठ लिटरांच्या पेटीत २१०० ग्रॅम. दिव्याच्या उष्णतेने व वाऱ्याने पाण्याची वाफ होते. मात्र उडून जाते ते केवळ गोडे पाणी, क्षार सगळे मागे शिल्लक राहतात. रोज एक लिटर उडाले आणि पाच दिवस कोणी लक्ष दिले नाही, तर तेच २१०० ग्रॅम पंचावन्न लिटरांत वाटले जाऊन प्रमाण ३८ च्या वर जाते. उलट चारशे लिटरांच्या पेटीतून याच्या दुप्पट, दहा लिटर पाणी गेले, तरी ते ३६ च्या आतच राहते. लहान पेटी सोपी, ही समजूत येथेच फसते. थोड्या भांडवलाच्या दुकानदाराला एक बुडीत उधारीही भारी पडावी, तशी तिची अवस्था असते.

जे गेले तेच परत भरायचे, हा या खात्याचा पहिला नियम, आणि गेले ते गोडे पाणी. एकदा ऐन चैत्रात लग्नकार्यासाठी पाच दिवस परगावी जाताना मी शेजारच्या मुलाला पेटीची कामगिरी सोपवली. काचेवर पातळीची खूण म्हणून काळी पट्टी चिकटवली होती आणि पाणी त्या पट्टीखाली उतरू द्यायचे नाही, एवढीच ताकीद त्याला दिली होती. परतलो तेव्हा पाणी पट्टीला तंतोतंत भिडलेले होते, पण एरवी रुपयाएवढी पसरणारी छत्रीसारखी मऊ प्रवाळे चिंचोक्याएवढी आक्रसून खडकाला चिकटली होती. कोपऱ्यात गोड्या व खाऱ्या पाण्याचे दोन कॅन एकसारखेच ठेवलेले; बिचाऱ्याने इमानेइतबारे खारे ओतले होते. कैरीच्या फोडींना मीठ लावताच त्यांना पाणी सुटते, तसेच वाढलेला खारेपणा प्रवाळांच्या अंगातील पाणी ओढून घेतो. दोष मुलाचा नव्हे. कॅनवर चिठ्ठी न लावणाऱ्या माझा होता. खारे पाणी थोडे थोडे काढून गोडे घालत प्रमाण पूर्वपदावर आणण्यास तीन दिवस लागले, कारण चूक एका दिवसात उलटवू गेल्यास तो दुसरा आघात ठरतो.

उन्हाळ्यात या हिशेबाला आणखी एक फाटा फुटतो. प्रवाळांना साधारण २४ ते २७ अंश तापमान मानवते. वैशाखातल्या खोलीत पाणी त्यापलीकडे जाऊ लागले, की पृष्ठभागावर छोटा पंखा सोडण्याची तजवीज करावी लागते. तो पाणी थंड करतो खरा, परंतु ते बाष्पीभवन वाढवूनच. तेव्हा पंखा लावला त्या दिवसापासून गोड्या पाण्याची भरणीही वाढली, हे ध्यानात ठेवावे.

दुसरा व्यवहार आठवड्याचा. साठांपैकी सहा लिटर पाणी काढून तितकेच नवे, त्याच तापमानाचे व त्याच खारेपणाचे पाणी घालावे. त्याने साचलेल्या नायट्रेटचा दहावा हिस्सा निघून जातो आणि प्रवाळांनी वापरलेले कॅल्शियमही काही अंशी भरून येते. हे पाणी आर. ओ. यंत्राच्या शुद्ध पाण्यात दुकानातील समुद्री मीठ कालवून आदल्या दिवशी करून ठेवावे. चौपाटीवरून बादलीभर पाणी आणण्याचा मोह मुंबईकरांनी टाळावा. किनाऱ्याजवळ सांडपाणी मिसळलेले असते आणि पावसाळ्यात खारेपणाचा भरवसा नसतो.

तोच संयम किनाऱ्यावरील प्रवाळांच्या बाबतीतही हवा. मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत; पण सर्व पाषाणप्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, त्यामुळे त्यांचा तुकडा उचलणेही गुन्हा होय. विकत घेतानाही विक्रेत्याकडे कायदेशीर आयातीचे कागदपत्र मागण्यात संकोच करू नये.

पुढील आठवड्यात प्रकाशाचा विषय घेऊ. तोवर वाचकांनी एवढेच करावे : पेटीशेजारी एक साधी वही ठेवावी, तारीख, तापमान, खारेपणा आणि घातलेले गोडे पाणी असे चार रकाने आखावेत, आणि दोन्ही कॅनवर आजच चिठ्ठ्या लावाव्यात.