भेळ खाल्लीत, मैदान पाहिलंत?

वीकेंडला कोल्हापूर गाठणाऱ्या आपल्या गँगचं वेळापत्रक ठरलेलं असतं. सकाळी मिसळ, मग अंबाबाईचं दर्शन, दुपारी तांबडा-पांढरा, चपलांची घासाघीस, संध्याकाळी रंकाळा. आणि निघता निघता खासबागेची भेळ! मीही वर्षानुवर्षं हेच करत आले. खासबाग म्हणजे भेळ, विषय संपला. त्या भेळेच्या पल्याड जी भिंत आहे, तिच्या आत काय आहे हे बघायला मला वयाची सत्तावीस वर्षं लागली.

आजोबा असते तर चांगलीच हजेरी घेतली असती. आपल्या गप्पांत सचिन-द्रविड येतात, तसे त्यांच्या गप्पांत गणपतराव आंदळकर आणि मारुती माने यायचे. कुस्ती लागली की घरातले झाडून सगळे पुरुष खासबागेत. आम्हा मुलींना मात्र कधी कुणी नेलं नाही. ‘तुम्हाला काय करायचंय तिथं?’ एवढंच उत्तर. ऐकलं भरपूर, पाहिलं शून्य.

शेवटी 2024 च्या आगीनंतरच्या हिवाळ्यात मी एकटीच गेले. पहिल्यांदा काय जाणवतं सांगू? आपण वर चढत नाही. स्टेडियम म्हटलं की डोळ्यांसमोर जिने आणि उंच स्टँड येतात. इथे उलटं आहे. मैदान एखाद्या मोठ्या गोल बशीसारखं खोलगट आहे आणि मधोमध कुस्तीचा हौद. चारही बाजूंनी उतार असल्यामुळे पुढच्याचा फेटा मागच्याच्या आड येत नाही. 30 हजारांच्या आसपास माणसं इथे बसू शकतात, आणि सगळ्यांची नजर एकाच ठिकाणी. मोठी स्क्रीन नाही, रिप्ले नाही. डोळा लवला की गेला तो डाव!

ही आयडिया राजर्षी शाहू महाराजांची. 1902 साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी ते युरोपात गेले होते, तेव्हा रोमचं कलोसियम त्यांनी पाहिलं. आपण असा फॉरेनचा दौरा केला की फोटो आणि चॉकलेटं आणतो. महाराजांनी मैदान आणलं. 1912 साली ते पुरं झालं आणि इमामबक्षसारख्या त्या काळच्या सुपरस्टार मल्लाची कुस्ती इथे झाली. शेजारीच 1915 साली पॅलेस थिएटर उभं राहिलं, तेच पुढे केशवराव भोसले नाट्यगृह झालं. एकाच आवारात लाल माती आणि नाटकाचा पडदा. एका बाजूला शड्डू, दुसऱ्या बाजूला नाट्यसंगीत. हे कॉम्बिनेशन कोल्हापूरलाच सुचू जाणे!

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री हे नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवराव भोसल्यांची जयंती होती. खासबागेच्या बाजूचं व्यासपीठही आगीत सापडलं. त्या रात्रीचे व्हिडिओ मी पुण्यात मोबाइलवर पाहिले. बाबा शेजारी बसले होते, एक शब्द बोलले नाहीत. नाट्यगृह होतं तसंच पुन्हा उभं करणार, असं सरकारने जाहीर केलं. चांगलंच झालं. दगड पुन्हा घडवता येतो, लाकूड पुन्हा कोरता येतं, जुने फोटो हाताशी असतात. (जुन्या दगडी बांधकामाचे खरे शत्रू दोनच, सांध्यात रुजलेला पिंपळ आणि घाईघाईने थापलेलं सिमेंट. सिमेंट ओल आत कोंडतं आणि दगडाची वाट लागते. दुरुस्तीचं बिल मात्र झकास दिसतं.)

पण मैदानात उभी राहिले आणि एक प्रश्न डोक्यातून जाईना. नाट्यगृह बांधून झालं की नाटक दुसऱ्या गावाहून येऊ शकतं. सेट ट्रकमधून उतरतो, तिसरी घंटा होते, खेळ सुरू. मैदान नीट झाल्यावर त्यात उतरणार कोण?

म्हणून तिथून चालतच एका तालमीत गेले. दारात चपला काढल्या. आतला अंधार, घामाचा आणि ताकाचा मिळून येणारा वास आणि समोर ती लालभडक माती. हौदातली माती म्हणजे नुसती माती नव्हे. ती चाळतात, मग तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, काव असं बरंच काही मिसळतात. जखम चिघळू नये आणि पडणाऱ्याला लागू नये म्हणून. वस्तादांनी मूठभर माती माझ्या हातावर ठेवली. मऊ, थोडी ओलसर.

“दगड काय पोरी, शंभर वर्षं पडून ऱ्हातोय,” ते म्हणाले. “ही चार दिवस उकरली न्हाई तर दगड हुतीया.”

रोज पहाटे पोरं फावड्याने हौद उकरतात, तोच त्यांचा पहिला व्यायाम. पण पोरं कमी झालीत, हे वस्ताद लपवत नाहीत. ऑलिम्पिकची कुस्ती मॅटवर होते. तीन-तीन मिनिटांचे दोन राउंड आणि गुणांचा हिशेब. मातीतली निकाली कुस्ती म्हणजे समोरच्याची पाठ टेकेपर्यंत, मग घड्याळ काय म्हणतंय ते म्हणू दे. ज्याला मेडल हवंय, त्या मेडलवर नोकरी हवीये, तो मॅटवर जाणारच. त्याला नावं ठेवायचा मला काय हक्क? मीही बारा तास एसीत बसून खुर्ची उबवते. पुन्हा खुराकाचा खर्च आहेच. दूध, तूप, बदाम, सगळं रोजच्या रोज. शाहू महाराजांनी फक्त मैदान बांधलं नव्हतं. त्यांनी तालमींना आश्रय दिला, मल्लांच्या खुराकाची सोय केली, बाहेरचे नामांकित मल्ल कोल्हापुरात आणले. मैदान हे त्या सगळ्याचं टोक होतं. आज आपण ‘जतन’ म्हणतो तेव्हा भिंती, गेट आणि लायटिंगबद्दल बोलतो. बदामाचा खर्च कुठल्या हेरिटेज एस्टिमेटमध्ये बसतो?

मी वस्तादांना विचारलं, मैदानावर छप्पर घालून, मॅट टाकून, खुर्च्या मांडून एकदम मॉडर्न केलं तर? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तांबड्या रश्श्यात साखर मागितली.

“मॅट पण पायजे,” जरा वेळाने म्हणाले. “पोरांनी तिकडं बी जिंकलं पायजे. पण ती दुसरीकडं टाका की. हितली माती हलवू नका.”

निघताना म्हणाले, “कुस्त्या लागल्या की ये. एकटी नको, वडलांना घेऊन ये.”

बाहेर येऊन भेळ घेतली. डाव्या तळव्यावर अजून लाल रंग होता. तशाच हाताने बाबांना फोन लावला आणि सांगितलं, खासबागेत जाऊन आले.

पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, “हौदाजवळ गेलीस? चपला काढल्या होत्यास ना?”