आधी तेल, मग ठिणगी

बैलगाडीच्या आसाला वंगण घातलं नाही तर काय होतं, ते आपल्याला ठाऊक आहे. चाक कुरकुरतं. आस झिजतो. बैलांना ओढ जड जाते. मोटारीच्या इंजिनाचंही तसंच आहे. पण बैलगाडी दिवसभर कुरकुरून सांगते. इंजिन तेवढा वेळ देत नाही. तेल तुटलं की आतले भाग एकमेकांवर घासतात, तापतात आणि इंजिन जाम होतं.

हे तेल राहतं कुठं? शेतावरच्या पंपाच्या इंजिनात ते तळाशी, इंजिनाच्या पोटातच असतं. बहुतेक मोटारींतही तसंच. काही मोटारींत मात्र तेलाला वेगळी टाकी असते. ती कशासाठी?

घमेल्यात पाणी घेऊन ते बैलगाडीत ठेवा आणि गाडी जोरात वळवा. पाणी एका कडेला जातं, दुसरी कड कोरडी पडते. भरधाव मोटार वळली की पोटातल्या तेलाचंही तेच होतं. मग पंप तेलाऐवजी हवा ओढतो. म्हणून जर्मनीतल्या पोर्शे कारखान्यानं आपल्या ९११ या मोटारीला वेगळी टाकी दिली. ही मोटार १९६४ पासून बनू लागली. तिच्या इंजिनाला तेलाचे दोन पंप असतात. एक पंप टाकीतलं तेल इंजिनात दाबानं पोचवतो. दुसरा पंप खाली उतरलेलं तेल ओढून परत टाकीत धाडतो.

पुढं १९६९ साली फोक्सवागन आणि पोर्शे यांनी मिळून ९१४ ही लहान मोटार काढली. अशा बहुतेक गाड्यांचं इंजिन चार सिलिंडरांचं होतं आणि तेल त्याच्या पोटात होतं. आज या गाड्या जुन्या झाल्या आहेत. काही हौशी लोक त्यांत ९११चं सहा सिलिंडरांचं इंजिन बसवतात. इंजिन बसतं, पण त्याच्या तेलाला घर नसतं. म्हणून टाकीही बसवावी लागते.

हे काम कसं करतात ते पाहू.

पहिलं काम सफाईचं. टाकी जुनी असली तर ती आधी कोणत्या इंजिनाला होती, हे विचारावं. ते इंजिन मोडलेलं असेल, तर धातूचा कीस टाकीत आतल्या पत्र्यांआड अडकलेला असतो. बाहेरून टाकी लखलखीत दिसते. पण तो कीस तेलाबरोबर नव्या इंजिनात गेला, तर तेही मोडतं. म्हणून टाकी आतून पुन्हा पुन्हा धुवावी.

दुसरं काम नळ्यांचं. टाकीतून पंपाकडं जाणारी नळी जाड हवी. ती कुठं मुडपू नये. परतीची नळी आपल्याच तोंडाला जोडावी. अदलाबदल होऊ देऊ नये. नळ्या गरम धुराड्याला टेकू देऊ नयेत.

तिसरं काम सर्वांत मोलाचं. टाकीत तेल ओतलं म्हणजे ते इंजिनात पोचलं असं नाही. म्हणून आधी ठिणगी बंद ठेवतात आणि इंजिन नुसतं फिरवतात. तेलाच्या दाबाचा काटा वर चढला, म्हणजे तेल पोचलं. मगच ठिणगी देतात. इथं घाई केली, तर महिन्यांची मेहनत थोड्या वेळात वाया जाते.

शेवटी तेल मोजायचं. या इंजिनाचं तेल गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन गरम आणि चालू असताना मोजतात. बंद इंजिनात टाकीतलं तेल खाली झिरपतं. मग पट्टीवर तेल कमी दिसतं. ते पाहून कोणी आणखी ओतलं, तर तेल जास्त होतं.

शेतावरच्या पंपाची रीत वेगळी. त्याचं तेल इंजिन बंद असताना पाहतात. प्रत्येक यंत्राची रीत त्याच्या पुस्तिकेत दिलेली असते. आजवर आपण ती दुसऱ्याकडून वाचून घेत होतो. आता आपल्यालाच वाचता येतं. तेव्हा आधी पुस्तिका उघडू, तेल पाहू, आणि मगच यंत्र चालू करू.