उंबरखिंडीची वाट आणि सुटीची सहल

हिंजवडी-माणच्या कचेऱ्या शुक्रवारी सायंकाळी सुटल्या की तरुणांचे जथे पवना धरणाच्या काठी तंबूत रात्र काढण्यासाठी निघतात. त्यांतील काही दुसऱ्या दिवशी घाट उतरून खोपोलीनजीकच्या चावणी गावापाशी उंबरखिंडीचे रणक्षेत्र पाहावयास जातात. ही हौस स्वागतार्हच आहे. मात्र त्या रणक्षेत्राचा इतिहास निघण्यापूर्वीच वाचलेला बरा.

शायिस्ताखानाने पुण्याहून कोकणात धाडलेला कारतलबखान कुरवंड्याचा घाट उतरून या अरुंद, झाडीच्या वाटेत शिरला. २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजी महाराजांच्या सैन्याने त्याला तेथे कोंडले. मोगलांची फौज मोठी, सामग्री विपुल. परंतु वाटेची माहिती नाही आणि पाण्यावाचून माणसे कासावीस झालेली. अखेर रायबागनचा सल्ला मानून खानाने अभय मागितले व जवळचे द्रव्य देऊन तो सुटला.

आजच्या सहलकऱ्याला अभय कोणाकडे मागावयाचे? ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यास भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याजवळ इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळून चौघे दगावले. दोन्ही दिवस रविवारच होते. डोंगरात पाऊस झाला की खालच्या ओढ्याचे पाणी काही मिनिटांत चढते, मग काठावर ऊन का असेना. म्हणून तंबू पात्रात वा पात्रालगत ठोकू नये. थंडीत तंबूच्या आत कोळशाची शेगडी ठेवणे तर उघड आत्मघात होय. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेला माणूस जागा होत नाही. खिंडीत धूर करून आग्या मोहोळ उठविणे हाही असाच प्रकार. पुरेसे पाणी, विजेरी आणि परतीची वेळ घरी सांगून ठेवणे, एवढ्याला खर्च तो कितीसा?

वस्तुतः प्रश्न खर्चाचाच आहे. तंबूचे भाडे व्यावसायिकाला मिळते, मौज गिऱ्हाइकाला मिळते. अपघात झाला की दोर घेऊन पाण्यात उतरतात ते ‘शिवदुर्ग मित्र, लोणावळा’सारख्या संस्थांचे स्वयंसेवक, तेही विनावेतन. ज्याचा लाभ एकाला व जोखीम दुसऱ्याला, त्या वस्तूचा खप गरजेपेक्षा वाढतो, हा अर्थशास्त्राचा जुना सिद्धान्त येथे तंतोतंत लागू पडतो. जिल्हाधिकारी दर पावसाळ्यात बंदीहुकूम काढतात आणि बंदोबस्त ढिला पडताच ते हुकूम फलकावरच राहतात. त्यापेक्षा तंबूच्या प्रत्येक भाड्यातून काही रुपये बचावपथकांच्या दोर, जॅकेटे आणि विम्यासाठी बाजूला काढणे तंबूवाल्यांवर बंधनकारक करावे. भाडे थोडे वाढेल. जोखमीची किंमत निदान ती घेणाऱ्याच्या खिशातून जाईल.